बिनफट मिस्त्रींच्या सहा विटा

लेकीच्या घरी राहायला आल्यापासून मिस्त्रींना दिवसातून सरासरी अकरा वेळा बसायला सांगितलं जाई. त्यांनी मोजलं होतं. मोजण्याखेरीज दुसरं काही काम त्यांच्याकडे नव्हतंच.

ताट उचलायला उठले, की लेक म्हणे, "बाबा, तुम्ही बसा." दाराची बिजागरी कुरकुरते म्हणून तेलाची बाटली शोधायला लागले, की जावई म्हणे, "बाबा, तुम्ही बसा, मी बघतो." तो बघायचा नाही, पण म्हणायचा मात्र मनापासून. नळ गळायला लागला तेव्हा दोघं एकदमच म्हणाले, "बाबा, तुम्ही बसा, माणूस येईल." आणि माणूस आला. त्यानं उलटा वायसर बसवला, हात धुतले आणि तो गेला. मागच्या अंगणातल्या हिरव्या खुर्चीत बसून मिस्त्रींनी हे सगळं पाहिलं. आपण आता माणसात मोडत नाही, एवढंच त्यांना त्यातून समजलं.

बरं, तक्रार करावी तर कशाची? खुर्ची चांगली होती. पाठीला उशी होती. चहा वेळेवर मिळे. लेक जीव लावी, जावई कधी आवाज चढवत नसे. अशा घरात दुःखी राहायचं म्हणजे माणसाला जरा लाजच वाटते.

मिस्त्री छत्तीस वर्षं काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात होते. बाटल्यांशी मात्र त्यांचा काही संबंध नव्हता. ते भट्टीचे गवंडी. काच वितळते ती भट्टी आतून जाड विटांनी मढवलेली असते, ते अस्तर लावणं हे त्यांचं काम. आत पंधराशे अंशांची धग आणि बाहेर माणसं डबा खाताहेत, ही मधली जादू विटांची. दर काही वर्षांनी भट्टी बंद करायची, आठवडाभर निवू द्यायची, मग आत उतरून जुनं अस्तर काढून नवं लावायचं. गुडघ्यांवर, कधी पाठीवर झोपून, डोक्यावर दिवा बांधून.

या विटांमध्ये सिमेंटचा थर भरत नाहीत. वीट विटेशेजारी बसवायची, आणि दोघींमध्ये ठरावीक बारीक जागा सोडायची. कारण तापल्यावर वीट फुगते. जागा कमी सोडली तर विटा एकमेकींना रेटून फुटतात, जास्त सोडली तर आग आत शिरते आणि बाहेरचा पत्रा खाते. बाकीचे मिस्त्री ही जागा पोलादाच्या पट्टीनं मोजत. आपले मिस्त्री पत्त्यानं मोजत. चौकटची दुर्री. ती कायम त्यांच्या खिशात असे. पत्ता सांध्यात सरकला पाहिजे, पण कुरकुरत, नाखुशीनं. तेवढं जमलं की भट्टी तापल्यावर सगळे सांधे आपोआप मिटत आणि आतलं अस्तर एका दगडातून कोरल्यासारखं होई. कारखान्यात त्यांना त्यांच्या खऱ्या नावानं फक्त पगारपत्रक ओळखत होतं. बाकी सगळ्यांचे ते बिनफट मिस्त्री.

दुर्री खिशात गेल्यामुळे घरातल्या पत्त्यांच्या कॅटमध्ये तिच्या जागी पुठ्ठ्याचा एक तुकडा होता. लेक तो लहानपणापासून लांबूनही ओळखायची आणि म्हणून पत्त्यांत कधी हरायची नाही.

अशा कामात एक अडचण असते. ते कुणाला दिसत नाही. भट्टी एकदा पेटली की पुढची सात-आठ वर्षं आत कुणी डोकावत नाही, आणि डोकावलंच तर काहीतरी बिघडलं म्हणूनच. मिस्त्रींचं काम कधी बिघडलं नाही. त्यामुळे ते कधी कुणी पाहिलंही नाही.

घरीही आगीच्या बाबतीत त्यांना मान नव्हता. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात बायकोनं त्यांना दुधावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. ते ज्योतीचा रंग निरखत राहिले, दूध सगळं ओट्यावर. त्यानंतर तिनं त्यांना गॅसला हात लावू दिला नाही. "तुमची आग तिकडे," ती म्हणे, "इकडची माझी." अख्ख्या संसारात त्यांनी स्वतःच्या हातानं कपभर पाणीसुद्धा उकळलं नाही.

मग कारखान्यात विजेची भट्टी आली. ती परदेशातून तयार, अस्तरासकट आली. मिस्त्रींचं शेवटचं काम होतं आपलं शेवटचं अस्तर पाडण्याचं. ते पाडायला यंत्र लावून चार दिवस लागले. मोठे साहेब घड्याळ दाखवत म्हणाले, "मिस्त्री, इतकं घट्ट कशाला बांधलंत हो?" छत्तीस वर्षांत त्यांच्या कामाबद्दल आलेली ही एकमेव तक्रार. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. मिस्त्रींनी त्याशिवाय गोदामात उरलेल्या कोऱ्या सहा विटा मागून घेतल्या. साहेबांना वाटलं, थट्टा करताहेत.

पुढे दोन वर्षांनी बायको गेली, आणि लेकीनं त्यांना आपल्या घरी आणलं. घड्याळ बैठकीत लागलं. विटा जुन्या चादरीत गुंडाळून पलंगाखाली गेल्या, आणि त्यांच्या शेजारी, गेल्या महिन्यापासून, एक भरलेली बॅग होती.

ही बॅग कुणाला माहीत नव्हती. मिस्त्रींचा धाकटा भाऊ दुसऱ्या गावी रोपवाटिका चालवायचा. त्याचा दर रविवारी फोन यायचा. "दादा, तू इकडे ये बघ. कुंपणाची भिंत पडलीय, ती तशीच आहे. मला कुठं जमणार?" भिंत खरोखर पडली होती की त्यानं मोठ्या भावासाठी पाडून ठेवली होती, कोण जाणे. पण तिथं कुणीतरी ये म्हणत होतं आणि ये म्हणताना कामाचं नाव घेत होतं. मिस्त्रींनी ठरवलं होतं: येत्या रविवारी जावयाच्या ऑफिसच्या मॅडम जेवायला येणार आहेत, ते एकदा पार पडू दे. सोमवारी लेकीला सांगायचं. आधी सांगितलं तर ती रडेल आणि पाहुण्यांसमोर तिचे डोळे सुजलेले दिसतील.

आता या मॅडमसाठी जावयानं काय करावं? त्यानं अंडं आणलं.

अंडं म्हणजे कोळशाचं ग्रिल. जाडजूड चिनीमातीचं, गडद हिरवं, माणसाच्या कमरेएवढं उंच, मधोमध उघडणारं. खाली हवा घेणारी झडप, वर धूर सोडणारी झडप, झाकणावर तापमानाचा काटा. मॅडमच्या घरी असंच होतं, आणि ऑफिसच्या दर मेजवानीत मॅडमचे मिस्टर त्याबद्दल बोलत. आपल्याकडेही ते असलं की संभाषणाला विषय राहील, असा जावयाचा हिशेब.

या अंड्याबरोबर चिनीमातीची एक जाड तबकडी येते. ती निखारे आणि जाळी यांच्यामध्ये ठेवायची. मग आच खालून सरळ न लागता कडेनं वर चढते, झाकणाखाली फिरते, आणि अख्खी कोंबडी चहूबाजूंनी सावकाश भाजली जाते. जावयानं खोकं उघडलं तेव्हा तबकडीचे तीन तुकडे निघाले. बदली यायला तीन आठवडे. बुधवारी त्यानं तबकडीशिवाय एक कोंबडी भाजून पाहिली. खालची बाजू कोळशाशी जुळली आणि वरची बाजू अजून जिवंत असल्यासारखी गुलाबी राहिली. तिघांनी त्या संध्याकाळी ब्रेड-बटर खाल्लं.

जेवण झाल्यावर जावई फोनमध्ये डोकं घालून बसला होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, "तबकडी नसेल तर विटा ठेवतात म्हणे काही जण. फायरब्रिक." आणि डोकं वर न काढताच, "बाबा, फायरब्रिक म्हणजे काय असतं, तुम्हाला काही कल्पना आहे का?"

लेक पाण्याचा तांब्या घेऊन दारात होती. ती जागीच थांबली. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

"थोडीफार," मिस्त्री म्हणाले.

जावयाला दोष देण्यात अर्थ नाही. सासरे काचेच्या कारखान्यात होते म्हणजे काच करत असणार, असं तो सात वर्षं धरून चालला होता, आणि मिस्त्रींनीही कधी त्याला सांगितलं नव्हतं. सांगायला सुरुवात करावी तर कुणीतरी बसा म्हणायचं.

मिस्त्री खोलीत गेले, पलंगाखाली वाकले, बॅग एका हातानं बाजूला सारली आणि चादर ओढत बैठकीत घेऊन आले. सहाच्या सहा विटा जमिनीवर मांडल्या. पिवळसर, कोऱ्या, कडा सुरीसारख्या.

"बाबा! या घरात होत्या?" जावई म्हणाला.

"पलंगाखाली," लेक म्हणाली. "मला वाटायचं, पुस्तकं आहेत."

"या घट्ट विटा आहेत," मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच जरा अनोळखी वाटला. "हलक्याही मिळतात, पावासारख्या. त्या अन्नाखाली घालायच्या नाहीत, भुगा पडतो. आणि भट्टीतून निघालेली जुनी तर मुळीच नाही. तिच्यात काय काय मुरलेलं असतं. या कोऱ्या आहेत."

जावयानं हरखून एक वीट उचलली आणि तो स्वयंपाकघरात गेला. मिस्त्री मागोमाग गेले, तोवर त्यानं ती नळाखाली धरून तिच्यावर लिंबाचा साबण ओतला होता.

"ठेवा खाली ती!"

हा आवाज या घरानं ऐकला नव्हता. भट्टीत शिरल्याशिवाय तो कुणाला ऐकायलाही मिळत नसे. जावयानं वीट ठेवली आणि नळही बंद केला.

"अहो बाबा, अन्नाजवळ ठेवायची, म्हणून धुतली."

"जावईबापू, वीट पाणी पिते. प्यायलेली वीट आगीवर ठेवली की आतल्या आत वाफ होते आणि ती तडकते. कोरड्या ब्रशनं झटकायची. बस."

मग पुढचे दोन दिवस ओव्हन मिस्त्रींच्या ताब्यात गेला. अगदी मंद आचेवर, थोडं थोडं वाढवत, सहा विटा सुकत होत्या. लेक दातांच्या एका लॅबमध्ये खोटे दात बनवायची. तिची स्वतःची मुठीएवढी भट्टी होती आणि त्यात ती दातांच्या टोप्या भाजायची. मिस्त्री त्याला शेंगदाणे भाजणं म्हणत. ती गुरुवारी संध्याकाळी घरी आली.

"ओव्हनमध्ये काय आहे बाबा?"

"विटा."

"कधीपर्यंत होतील?"

"शनिवारी."

"मी तेवढ्या वेळात एका गावाचे दात बसवते," ती म्हणाली, पण ओव्हनचं दार उघडून आत वाकून बघितलं आणि काटा दोन अंश खाली केला. मिस्त्रींनी ते पाहिलं. बरोबर होतं. त्यांना बरं वाटलं.

या दोन-तीन दिवसांत मिस्त्रींना एकदाही कुणी बसा म्हणालं नाही. उलट शनिवारी दुपारी अंगणात ते अंड्याचा घेर सुतळीनं मोजत होते तेव्हा जावई फोन घेऊन आला.

"बाबा, यात लिहिलंय, दोन-तीन विटा नुसत्या मधे ठेवायच्या, आणि कडेनं..."

"ठेवायच्या?" मिस्त्रींनी सुतळीवरून मान वर केली. "वीट ठेवत नाहीत. वीट बसवतात."

"हो, पण पुढे लिहिलंय की..."

"जावईबापू," मिस्त्री म्हणाले, आणि हे वाक्य तोंडातून निघताना त्यांना जे सुख झालं ते बाटलीत भरून ठेवण्यासारखं होतं, "तुम्ही बसा."

जावई हिरव्या खुर्चीत बसला. अर्ध्या तासानं चहा घेऊन आला आणि पुन्हा म्हणाला, "बाबा, ते कडेचं..." त्याला पुन्हा बसवण्यात आलं. तिसऱ्यांदा त्यानं नुसतं तोंड उघडलं होतं.

संध्याकाळपर्यंत काम झालं. चार विटा मधे, बाहेरचे कोपरे तासून. उरलेल्या दोन विटांतून पुढची आणि मागची चंद्रकोर, हातोडी-छिन्नीनं तासून, मग दगडावर घासून घासून अंड्याच्या गोल पोटाला तंतोतंत बसवलेली. मिस्त्रींनी खिशातून दुर्री काढली. प्रत्येक सांध्यात ती कुरकुरत सरकली. जावई वाकून बघत राहिला. त्याच्या नोकरीत असं डोळ्यांनी दिसणारं काही तयार होत नसे.

"बाबा, हे फारच..."

"छत्तीस वर्षं," मिस्त्री म्हणाले. रात्री त्यांनी पलंगाखाली पाहिलं. विटा गेल्यामुळे बॅग एकटीच होती. तिला थोडं आत ढकलून ते झोपले.

रविवारी नऊला कोळसे पेटवले. विटा बसल्या, वर जाळी, जाळीवर कोंबडी, भोवती बटाटे. झाकण लागलं. साडेदहाला काटा एकशे ऐंशीवर. जावयानं कोंबडीत खुपसलेली सळई त्याच्या फोनला आतलं तापमान कळवत होती, आणि फोन म्हणत होता: तयार होण्याची अंदाजे वेळ, दुपारी एक. सगळं इतकं सुरळीत होतं की लेकीनं केस विंचरायलाही वेळ काढला.

सव्वाअकराला काटा एकशे साठवर आला. साडेअकराला एकशे तीस.

"बाबा?"

"वारा असेल," मिस्त्री म्हणाले. वारा नव्हता.

बाराला मॅडम आणि मॅडमचे मिस्टर आले. मॅडम कमी बोलत. ती उणीव मिस्टर भरून काढत. त्यांनी बूट काढायच्या आत अंडं गाठलं.

"अरे वा! आमच्याकडे याच्याहून एक नंबर मोठं आहे. किती आहे? शंभर? छे छे, खालची झडप उघडा पूर्ण."

उघडली. काटा नव्वद.

"वरची उघडा."

तीही उघडली. काटा ऐंशी. जावयाचा फोन आता म्हणत होता: तयार होण्याची अंदाजे वेळ, रात्री अकरा.

"कोळसाच वाईट," मिस्टर म्हणाले. "तुम्हाला मी आमचा कोळशावाला देतो."

लेकीनं पाहुण्यांसमोर खारे काजू ठेवले. ते संपले. तिनं बिस्किटं आणली. मॅडमनी उघड्या दारातून बैठकीतल्या घड्याळाकडे पाहिलं, मिस्त्रींच्याच, निरोपाच्या. जावयाच्या कपाळावर घाम आला. आणि मग, चांगल्या मनानं, माणूस अगदी कुठलंही संकट आलं की करतो तसं, तो म्हणाला, "बाबा, तुम्ही उन्हात उभे का? तुम्ही बसा."

मिस्त्रींच्या मनात बॅग आली. सोमवार कशाला, संध्याकाळचीच गाडी धरावी. भावाच्या कुंपणाची भिंत नुसती भिंत असेल. तिच्यावर कुणाचं जेवण अडणार नाही.

पण हात मात्र आपोआप पुढे गेला. वरच्या झडपेवर त्यांनी तळवा धरला. भट्टीच्या धुराड्यावर धरत तसा. खालून गरम हवेचा लोट यायला हवा होता. काही नाही. जिवंत आगीचा श्वासच बंद होता. मिस्त्री तळवा तसाच धरून उभे राहिले, आणि त्यांना समजलं.

सकाळी विटा गार होत्या तेव्हा पत्त्याएवढ्या फटींतून आग कशीबशी श्वास घेत होती. मग विटा तापल्या, फुगल्या, आणि छत्तीस वर्षं शिकवल्याप्रमाणे एकमेकींना नीट भिडल्या. एकही सांधा उघडा राहिला नाही. त्यांनी अंड्याच्या पोटात भट्टीचं अस्तर बांधलं होतं. खाली आग, वर कोंबडी, आणि आगीची एक झुळूकही पलीकडे जाणार नाही अशी भिंत. आयुष्यातलं त्यांचं सर्वांत निर्दोष काम.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "ते कडेचं काय लिहिलं होतं?"

जावयानं फोन काढला आणि वाचलं. "'कडेनं चारी बाजूंनी मोकळी जागा सोडा, म्हणजे गरम हवा वर जाईल. जागा न सोडल्यास निखारे विझतील.'"

"हे आधी नाही का सांगायचं?"

"तीनदा सांगायला आलो होतो," जावई म्हणाला. "तुम्ही बसा म्हणालात."

बसा म्हटल्यावर माणसाला काय वाटतं, याविषयी त्या अंगणात मिस्त्रींएवढा जाणकार दुसरा कुणी नव्हता.

"उठा मग," ते म्हणाले. "माझी हातोडी आणा. आणि चामड्याचे हातमोजे, बॅगेत आहेत. पलंगाखाली."

"कुठली बॅग?" लेकीनं विचारलं.

"आधी आणू दे त्यांना."

मिस्टर झाकण उघडायला पुढे सरसावले. "मागं व्हा!" मिस्त्री ओरडले, आणि मिस्टर बिस्किटासकट तीन पावलं मागं गेले. "कोंडलेली आग आहे. एकदम हवा दिली तर तोंडावर येईल." त्यांनी झाकण दोन बोटं उचललं, थांबले, टेकवलं. पुन्हा उचललं, थांबले. मग पूर्ण उघडलं. कोंबडी जाळीसकट बाहेर काढून लेकीच्या हातातल्या परातीत ठेवली.

चिमट्यानं पुढची चंद्रकोर ओढून पाहिली. हलेना. मागची ओढली. तीही नाही. फुगून अशा बसल्या होत्या की अंडं उलटं केलं असतं तरी पडल्या नसत्या. इतकं घट्ट कशाला बांधलंत हो, असं मोठ्या साहेबांच्या आवाजात कुणीतरी कानाशी म्हणालं.

फोडण्यावाचून इलाज नव्हता. आणि घाव जरा बाहेर गेला तर अंडंच तडकणार. जावयानं डोळे मिटून घेतले. मॅडम काजूची रिकामी वाटी घेऊन जवळ येऊन उभ्या राहिल्या. मिस्टरांनी फोन काढून चित्रण सुरू केलं. बिनफट मिस्त्रींचं काम लोक बघताहेत असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं, आणि ते काम होतं स्वतःचं काम फोडण्याचं.

त्यांनी हातोडीची धार चंद्रकोरीच्या मध्यावर टेकवली, उचलली आणि एकच घाव घातला. टक्क. वीट सरळ रेषेत दुभंगली; अंड्याला धक्का नाही. चिमट्यानं दोन्ही तुकडे बाहेर. मागची बाजू. टक्क. खालून आधी एक उसासा आला, मग निखाऱ्यांवरची राख हलली आणि लाल झाली. पुढून-मागून जिभा वर आल्या. मधल्या चार विटा मात्र जागच्या जागी, आगीच्या डोक्यावर हात धरल्यासारख्या.

"आता ठेव कोंबडी," मिस्त्री म्हणाले. "आणि झाकण कुणी उघडायचं नाही."

जेवायला अडीच वाजले. अडीच वाजता माणसांना काहीही आवडतं, हे खरं. पण कोंबडी खरोखर चहूबाजूंनी सारखी, मधाच्या रंगाची झाली होती. पहिल्या पाच मिनिटांत दोन्ही तंगड्या संपल्या.

मग मिस्टर म्हणाले, "शेवटी ग्रिल चांगलं असलं की कोळसा कसाही चालतो."

"विटांची ही पद्धत आम्ही घरीच शोधली," जावई मॅडमना म्हणाला.

"आम्ही?" लेक म्हणाली.

"म्हणजे बाबांनी."

मॅडमनी मिस्त्रींकडे वळून त्या दिवशीचा आपला पहिला प्रश्न विचारला. "तुम्ही आधी काय करत होता?"

"फटी बुजवत होतो," मिस्त्री म्हणाले, आणि दुसऱ्यांदा बटाटे घेतले.

पाहुणे गेल्यावर लेक खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. बॅग पलंगावर उघडी होती. हातमोजे शोधताना जावयानं सगळे कपडे वर काढले होते.

"कुठं निघाला होता?"

"काकाकडे. त्याची भिंत पडलीय."

"कधी येणार होता?"

मिस्त्रींनी हातमोजे एकमेकांत खोचले. लेकीनं एक सदरा उचलला, घडी घातली, आणि बॅगेत न ठेवता कपाटात ठेवला. मग दुसरा. तिसऱ्या सदऱ्याच्या वेळी मिस्त्रींनीच कपाटाचं दार धरलं, कारण ते आपोआप मिटत होतं. "याची बिजागरी ढिली आहे," ते म्हणाले. ती बसा म्हणाली नाही.

तीन आठवड्यांनी नवी तबकडी आली. जावयानं ती खोक्यातून काढली, उलटसुलट पाहिली आणि कुंडीखाली ठेवली. चौकटची दुर्री कॅटमध्ये परत गेली, आणि त्या आठवड्यात लेक पत्त्यांत आयुष्यात पहिल्यांदा हरली. तिला ते फारसं आवडलं नाही.

त्या रविवारी सकाळी जावयानं अंड्याजवळ दुसरी खुर्ची आणून ठेवली. चार विटा मधे, कडेनं मोकळी जागा, वर मांसाचा चांगला मोठा तुकडा. झाकण लागलं. काटा एकशे वीसवर येऊन स्थिर झाला.

"झालं," जावई म्हणाला. "आता पाच तास हात लावायचा नाही. बाबा, तुम्ही..." तो अडखळला. तोंडात आलेला शब्द परत गिळावा की काय, असं त्याला झालं.

"काय?"

"बसा," तो अगदी हळू म्हणाला. "म्हणजे, मीही बसतो."

मिस्त्री बसले. या कामात मुख्य काम बसण्याचंच असतं हे त्यांना आता कळलं होतं: काट्यावर नजर ठेवायची, तासाभरानं वरच्या झडपेवर तळवा धरायचा, आणि मिस्टरांसारख्या कुणालाही झाकणाजवळ येऊ द्यायचं नाही. तेवढ्यात भावाचा फोन आला.

"दादा, काय करतोयस?"

"बसलोय."

"मग नुसता बसतोस कशाला तिथं? इकडे ये की! भिंत तशीच आहे."

"बघू. पुढच्या महिन्यात येईन आठवडाभर," मिस्त्री म्हणाले. काटा एकशे बावीसवर गेला होता. त्यांनी जावयाला बोटानं खूण केली. जावयानं खालची झडप केसभर मिटवली. "आत्ता ठेव फोन. कामात आहे."

"अरे, आत्ता तर म्हणालास बसलोय!"

"तेच म्हणतोय मी," मिस्त्री म्हणाले, आणि पाठीमागची उशी नीट केली.